खुंटी: दोन मिनिटांच्या थरारपटाच्या प्रकल्प नोंदी

18 नोव्हेंबर

प्रकल्पाचा विषय मिळाला. थरारपटाची सुरुवात करायची, फक्त सुरुवात. शीर्षक धरून दोन मिनिटं, संवाद अगदी मोजके. पुढची गोष्ट लिहून दाखवायची सक्ती नाही. सोबत या नोंदी ठेवायच्या आणि फिल्मबरोबर जमा करायच्या. गट चौघांचा: दिग्दर्शन आणि संकलन माझ्याकडे, एकाकडे कॅमेरा, एकाकडे आवाज, आणि अभिनयाला पहिल्या वर्षाची एक ज्युनिअर.

टपरीवर पहिली बैठक झाली. चहा येईपर्यंत टेबलावर एक प्रेत, एक सुरा, रक्ताचे डाग पडलेला फोटो आणि रात्री जंगलातून पळणारी मुलगी एवढा ऐवज जमला होता. कॅमेरावाल्याला ड्रोन उडवायचा होता. ड्रोन आहे कुणाकडे, असं विचारल्यावर तो विषय मिटला.

या सगळ्या कल्पना ‘इथे प्रेक्षक दचकेल’ या वाक्यावर येऊन थांबत होत्या, ते मला पटेना. दचकणं एक-दोन सेकंदांत उरकतं. बाकीच्या वेळात माणसानं खुर्चीत का बसून राहावं? थरारपटांचा बादशहा हिचकॉक यानं 1962 मध्ये फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला मुलाखत दिली, तिच्यातलं बॉम्बचं उदाहरण आमच्या वर्गात सगळ्यांना पाठ आहे. दोन माणसं टेबलापाशी बोलत बसली आहेत, एकदम स्फोट होतो: प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का. तोच बॉम्ब आधी दाखवला, एक वाजता फुटणार हे सांगितलं, आणि भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजला असेल, तर त्याच फुटकळ गप्पा पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकाव्या लागतात. परीक्षेत हे सगळे लिहितात. फिल्म करायला बसलं की पुन्हा सुरा.

म्हणून आजच एक नियम लिहून ठेवला. आमच्या फिल्ममधल्या मुलीला जे माहीत नाही, अशी एक गोष्ट प्रेक्षकाला आधी कळली पाहिजे. एकच. प्रत्येक शॉट त्या गोष्टीच्या कामाचा आहे का, हे विचारायचं. नसेल तर काढायचा.

22 नोव्हेंबर

जागा ठरली. करवीर तालुक्यातलं एक गुऱ्हाळ, हंगाम सुरू झालेला. कोल्हापुरात राहून जंगल शोधत फिरण्यापेक्षा हे बरं. शिवाय रात्री गुऱ्हाळघराइतकी कॅमेऱ्याला सोयीची जागा मी दुसरी पाहिलेली नाही: वाफ आहे, जाळ आहे, आणि चार पावलांवर पूर्ण काळोख आहे.

जागेची रचना नीट लिहून घेतली, कारण गोष्ट तिच्यातूनच निघेल असं वाटतं. मधोमध काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई. तिच्याखाली चुलवाण, म्हणजे मोठी चूल, पण जाळ घालायचं तोंड भिंतीच्या पलीकडे, खालच्या अंगाला. वर काहिलीपाशी गूळ करणारा गुळव्या आणि खाली चिपाड (रस काढून उरलेला ऊस) सारणारा गडी एकमेकांना दिसत नाहीत. ‘जाळ वाढीव’, ‘जाळ कमी कर’ असं सगळं आवाजावर चालतं. पलीकडे वाळलेल्या चिपाडाचा ढीग, माणसाच्या दुप्पट उंच. दाराजवळच्या खांबाला एक लाकडी खुंटी, तिच्यावर गुळव्या मामांचा निळ्या चौकटींचा शर्ट. मामा दिवसभर बनियनवर. काहिलीशेजारी शर्ट घालून उभं राहणं शक्यच नाही, मी दहा मिनिटांत घामानं निथळले.

मालकांनी रात्री शूटिंगला परवानगी दिली. मामांनी अट घातली: “रस उकळाय लागला की माझ्या वाटंत कुणी यायचं न्हाई. पोळलं तर कातडं निघून येतंय.” त्यामुळे खऱ्या आधणावर, म्हणजे रस उकळत असताना, शूटिंग नाही. शेवटचं आधण उतरलं, गूळ गार करायच्या वाफ्यात ओतला, की काहिलीत पाणी घालून ठेवतात. त्या पाण्याची वाफ आमची.

24 नोव्हेंबर

पटकथा. खुंटीवरचा शर्ट डोक्यातून जात नव्हता.

घटना अशी: रात्र. गुऱ्हाळात कुणी दिसत नाही. खुंटीवरच्या चौकटीच्या शर्टाच्या खिशातून एक हात मोबाइल काढून घेतो. हाताचा माणूस दिसत नाही. नंतर मामांची भाची जेवणाचा डबा घेऊन येते. मामा नाहीत. ती हाक मारते. उत्तर नाही. ती मामांना फोन लावते. काळोखात, चिपाडाच्या ढिगापाशी, छातीच्या उंचीवर एक चौकोनी उजेड लागतो: पांढऱ्या शर्टाच्या खिशात मोबाइल वाजतोय. मुलीला वाटतं, मामा तिथे उभे आहेत. ती म्हणते, “मामा, उचला की.” आणि उजेडाकडे चालायला लागते.

मामांचा शर्ट खुंटीवर आहे हे प्रेक्षकानं पाहिलंय. मोबाइल कुणीतरी काढून घेतलाय हेही पाहिलंय. मुलीनं यातलं काहीच पाहिलेलं नाही. तिचं ते साधं वाक्य ऐकताना प्रेक्षकाच्या पोटात गोळा आला पाहिजे. आला नाही, तर बाकी सगळं तंत्र फुकट.

कॅमेरावाल्याची सूचना: चुलवाणात चिपाड सारणारा हातही दाखवू, म्हणजे गडी गायब असताना जाळ कोण घालतंय हा प्रश्न पडेल. कल्पना चांगली आहे, म्हणूनच नको. दोन प्रश्न एकदम घातले की प्रेक्षक कोडं सोडवायला बसतो आणि मुलीवरची नजर काढून घेतो. तो थोडा नाराज आहे.

28 नोव्हेंबर

स्टोरीबोर्ड. रेघोट्यांची माणसं, पण काम भागतं.

आधी रेषा आखली. दार डावीकडे, चिपाडाचा ढीग उजवीकडे. मुलगी कायम डावीकडून उजवीकडे जाणार, उजेड कायम उजव्या अंगाला लागणार. कॅमेरा या रेषेच्या एकाच बाजूला ठेवायचा. 180 अंशांचा नियम मोडून गोंधळ माजवता येतो हे खरं, पण इथे दिशा पक्की असणं हीच आमची भांडवलाची रक्कम आहे. उजवीकडे धोका आहे हे प्रेक्षकाला एकदा कळलं की ती नुसती मान उजवीकडे वळवते तेव्हाही त्याला घोर लागेल.

लेन्स दोनच. खुंटीच्या शॉटला 85 मिमी: मागचं सगळं धूसर, फक्त कापड, खिसा आणि हात. शेवटच्या मोठ्या शॉटला 35 मिमी: डावीकडे अगदी पुढे खुंटीवरचा शर्ट, मध्ये मुलगी, उजवीकडे खोल काळोख. शर्ट आणि खिशातला उजेड एकाच फ्रेममध्ये हवेत. कापून दाखवलं तर आम्ही प्रेक्षकाला बोट धरून सांगतोय असं होईल. एकाच फ्रेममध्ये असले की तो स्वतः जोडतो, आणि स्वतः जोडलेल्या गोष्टीची भीती जास्त वाटते.

मुलगी येण्याआधी रिकाम्या जागांचे दोन-तीन शॉट: मामांचा बसायचा पाट, कडेला टेकवलेला लांब दांड्याचा झारा, अर्धवट प्यायलेला चहा. फ्रिट्झ लांगच्या ‘एम’मध्ये (1931) मुलीचा खून पडद्यावर होतच नाही. आई हाका मारते आणि आपल्याला रिकामा जिना, माळा, जेवणाच्या टेबलावरची तिची न उष्टावलेली ताटली दिसते, मग झुडपातून घरंगळत आलेला चेंडू, तारांत अडकलेला फुगा. तो बोलपट आहे आणि लांगचा पहिलाच. आवाज हाताशी आल्याबरोबर त्यानं हाकेला उत्तर न देण्यासाठी तो वापरला. आमच्याकडे मात्र या शॉट्सना हात आखडता हवा. खुंटीच्या शॉटचा परिणाम पुसला जाईल इतके ते लांबता कामा नयेत.

1 डिसेंबर

प्रकाशाची चाचणी. बरंच काही कळलं, सविस्तर लिहिते.

गुऱ्हाळात एक जुनी ट्यूबलाइट आहे. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणजे असा दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. सेकंदाला 24 फ्रेम आणि शटर 1/48 सेकंद ठेवलं तर पडद्यावर उजेडाची हलकी लाट फिरताना दिसते. 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेवलं की ती जाते. पूर्ण फिल्म 25 वरच करायची. तसंही काहीजण 24 फ्रेमला ‘सिनेमॅटिक’ म्हणून जे देव्हाऱ्यात बसवतात ते मला कधी झेपलेलं नाही.

शेवटच्या शॉटमध्ये ट्यूबलाइट बंदच. जाळाचा उजेड खालून, चुलवाणाच्या फटीतून, आणि मुलीच्या पाठीमागे दाराबाहेर एक लहान एलईडी, निळसर, चांदण्याच्या अंदाजानं. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यानं कुठला उजेड पांढरा धरायचा ते) 3200 केल्व्हिनवर अडकवला. जाळ त्याहून तांबडा असल्यामुळे तो नारिंगी दिसतो आणि बाहेरचा दिवा निळा. दोन रंगांच्या मधोमध ती उभी. बाहेरचा दिवा वाफेच्या मागे ठेवला तर वाफ दिसते. कॅमेऱ्याच्या बाजूनं टाकला तर वाफ आहे की नाही कळतही नाही. म्हणून दिवा मागेच.

आता खिशातला उजेड. सगळ्यांना हे सर्वांत सोपं वाटलं होतं. खिशात मोबाइल ठेवला, फोन लावला, काळोख. कॉल आल्यावर या मोबाइलचा पडदा बहुतेक काळाच असतो, मधे दोन लहान गोल. त्यातून आपण मोबाइल खिशात टाकतो तो पडदा छातीकडे करून. शेवटी पडद्यावर कोरा पांढरा फोटो लावला, उजेड पूर्ण वाढवला आणि पडदा बाहेरच्या बाजूला केला. कापडाचे तीन प्रकार पाहिले. जाड खादीतून काही येईना. टेरिकॉटनमधून आलेला उजेड चकचकीत, दुकानाच्या पाटीसारखा. पातळ धुवट पॉपलीन सर्वांत छान: कडा जराशा विरघळलेल्या, वरती खिशाची दुमड गडद, आणि बटणाचा एक काळा ठिपका. आयएसओ 3200, ॲपर्चर एफ 2.8. त्यावर पुढचा चौकटीचा शर्ट थोडा धूसर पडतो, पण प्रेक्षकानं तो आधी जवळून पाहिलेला असल्यामुळे ओळखतो.

बाहेर कडाक्याची थंडी, आत वाफ. बाहेरून आणलेल्या लेन्सवर लगेच दव धरतं. कॅमेऱ्याची बॅग शूटिंगच्या तासभर आधी आत आणून ठेवायची.

5 डिसेंबर

शूटिंगची पहिली रात्र. खुंटीचा शॉट आणि रिकाम्या जागा.

हात कुणाचा, यावर वेळ गेला. आवाजवाल्याचा हात घेतला, पण तो खिशात हात घालताना चोरासारखा घालत होता: हळू, बोटं थरथरत, जणू कुणी बघतंय. पाहताक्षणी चोरी वाटत होती आणि चोरीची भीती वाटत नाही. मग त्याला सांगितलं, हा तुझाच शर्ट आहे असं समज, सुट्टे पैसे काढतोयस. तो सहज हात घालून मोबाइल काढून निघून गेला आणि फ्रेम एकदम गार पडली. शर्ट थोडा हलत राहिला. तो हलायचा थांबेपर्यंत मी कट म्हटलं नाही.

मामा मागे बसून बघत होते. म्हणाले, “माझ्याच शर्टातनं माझ्याच म्होरं मोबाइल न्हेतायसा आणि मी काय बोलायचं न्हाई, व्हय?”

6 डिसेंबर

दुसरी रात्र. मुलगी.

आमच्या ज्युनिअरनं पहिल्यांदा दारातून येतानाच घाबरलेला चेहरा आणला. एकांकिकांची सवय. तिचा दोष नाही, थरारपट म्हटल्यावर कुणीही तेच करील. पण तिला भ्यायचं काहीच कारण नाही: मामाचा डबा घेऊन ती रोज येते, थोडी कंटाळली आहे, घरी जाऊन तिला अभ्यास करायचा आहे. भ्यायचं काम प्रेक्षकाचं. हे सांगितल्यावर तिनं डबा ठेवायची एक पद्धत स्वतःच शोधली: कडी खणकन सोडून देते, ‘आणलाय बघा एकदाचा’ अशी. ठेवली.

शेवटचा शॉट न कापता घ्यायचा होता. ती फोन कानाला लावते, वाट बघते, उजेड लागतो, ती वळते, हसते, “मामा, उचला की” म्हणते, चालू लागते. तिनं नेमकं कधी वळायचं यावर सगळं अवलंबून आहे. उजेड लागल्याबरोबर वळली तर प्रेक्षकाला तो पाहायला वेळच मिळत नाही. म्हणून उजेड आधी, आणि तिला तो उशिरा दिसतो. मधले काही सेकंद फक्त प्रेक्षकाचे. ती कॅमेऱ्याकडे तोंड करून नखाशी खेळतेय आणि तिच्या खांद्यामागे, उजवीकडे, तो चौकोन चमकतोय. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर बघतानासुद्धा माझे दात आपोआप आवळले गेले.

ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यानं जात होते, प्रत्येकावर कर्णे, प्रत्येकावर गाणी. जागेवर रेकॉर्ड केलेल्या आवाजातलं एकही वाक्य वापरण्याजोगं नाही.

9 डिसेंबर

सगळा आवाज नव्यानं. भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, घाणा बंद असताना परत गुऱ्हाळात. रस्ता त्या वेळी जरा शांत असतो.

आधी जागेचा नुसता आवाज, कुणीही न हलता मिनिटभर. हा आवाज खाली अंथरला नाही तर संवादाच्या मधल्या जागा एकदम बहिऱ्या वाटतात. मग पाणी उकळण्याचा, डब्याच्या कडीचा, चिपाडावरच्या पावलांचा. वाळलं चिपाड पायाखाली मोडताना कुरकुर करतं, ते कसं ऐकू येतं हे चालण्याच्या वेगापेक्षा माइकच्या उंचीवर जास्त अवलंबून आहे. माइक गुडघ्याच्या उंचीवर ठेवल्यावर ते पाऊल खोलीभर मोठं झालं.

मोबाइलची रिंग नको, व्हायब्रेशन. रिंगटोन घेतली की कुठली घ्यायची इथून वाद, आणि ती हमखास विनोदी होते. थरथर मात्र प्रत्येक गोष्टीवर वेगळी वाजते. स्टीलच्या डब्यावर किरकिरी. लाकडावर ढोबळ. अंगातल्या शर्टाच्या खिशात ठेवून माइक अगदी जवळ नेला तर खालच्या पट्टीतला एक गुरगुराट येतो, आणि त्यात मधेच श्वासाचा आवाज मिसळतो, कारण खिसा कुणाच्या तरी छातीवर आहे. आवाजवाल्यानं हेडफोन काढून माझ्या कानाला लावले आणि काही बोलला नाही. हाच घेतला.

आणखी एक गंमत त्यानंच लक्षात आणून दिली. फोन लावला की आपल्या कानात रिंग वाजायला लागते, पण समोरचा मोबाइल प्रत्यक्षात क्षणभर उशिरा वाजतो. ती फट फिल्ममध्ये तशीच ठेवायची. कानातली रिंग सुरू, गुऱ्हाळ शांत, प्रेक्षक थांबलेला.

12 डिसेंबर

पहिला कच्चा कट. बराच लांब.

मांडणी अशी: काळ्या पडद्यावर उकळण्याचा आवाज, 4 सेकंद. काहील आणि वाफ. खुंटी. रिकाम्या जागा. मुलगी. शेवटचा शॉट. शीर्षक.

मुलगी वाटेनं येतानाचे तीन शॉट होते, उसातून, बांधावरून, दारात. दिसायला सुंदर. कॅमेरावाल्यानं थंडीत कुडकुडत घेतलेले. तरी दोन काढले. खुंटी आणि फोन यांच्या मधलं अंतर जितकं वाढतं तितका प्रेक्षक त्या हाताला विसरतो. ती दारात येते तेव्हा तो हात अजून ताजा हवा.

शेवटच्या शॉटमध्ये कॅमेरा अगदी हळू पुढे सरकवून पाहिला, संकलनातच, फ्रेम जराशी मोठी करत. नको. हललेला कॅमेरा ‘आता काहीतरी होणार’ असं सांगतो. स्थिर ठेवला की प्रेक्षक स्वतःच फ्रेमभर शोधत फिरतो.

मोबाइलची थरथर आधी ऐकू येते, तिच्या चेहऱ्यावर; उजेड एक ठोका नंतर. कान आधी उजवीकडे जातात, डोळे त्यांच्या मागून.

15 डिसेंबर

दाखवून पाहिलं. होस्टेलच्या टीव्ही खोलीत, येईल त्याला. कुणालाही ‘आवडलं का’ विचारायचं नाही असं ठरलं होतं. मी पडद्याकडे पाठ करून त्यांच्या तोंडाकडे बघत बसले.

उजेड लागल्यावर दोघी-तिघी पुढे सरकल्या. एकीनं ओढणी तोंडाला लावली. इतपत ठीक. पण एक मुलगा शांतपणे म्हणाला, “मामा मजा करतायत ना तिच्याशी?” त्यानं मोबाइल काढणारा हात मामांचाच धरला होता. त्याच्या बाजूनं पाहिलं तर बरोबर आहे: आमच्या फ्रेममध्ये हात मामांचा नाही असं सांगणारं काय आहे? काहीच नाही.

मेसच्या मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, “त्या हाताला बाही होती की पांढरी. त्यो कशाला गुळव्या असंल? गुळव्या उघडा असतोय.” मावशींचं माहेर पन्हाळ्याच्या पायथ्याचं. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलंय त्यांना बाही पुरली. शहरातल्या पोरांना पुरणार नाही. त्यांच्यासाठी मामा बनियनवर असतात हे फिल्ममध्येच कुठेतरी दिसायला हवं, आणि तेही न बोलता.

16 डिसेंबर

तोडगा. काहिलीच्या शॉटमध्ये आता वाफेपलीकडे मामा आहेत: पाठमोरे, बनियनवर, झाऱ्यानं ढवळताहेत. चेहरा नाही. ते वाफेत दिसेनासे होतात, भिंतीआडून जाळवाल्याला हाक देत खाली उतरतात. पुढचा शॉट खुंटी, आणि पांढऱ्या बाहीचा हात. मामा स्वतः तयार झाले, फक्त काम चालू असतानाच घ्या म्हणाले. त्यामुळे या एकाच शॉटमध्ये खरा रस आहे, आणि फेसाचा रंग बघता तो खरा असल्याचा फायदाच झाला. कॅमेरा लांब, 85 वर.

एका शॉटनं दोन कामं झाली. मामा खरोखर होते, आणि आता नाहीत, हेही आपोआप आलं. पाट आणि चहाचे शॉट त्यामुळे जास्तीचे ठरले. झारा तेवढा ठेवला. आताच त्यांच्या हातात पाहिलेला झारा कडेला टेकलेला आहे, टोकाला फेस अजून ओला.

18 डिसेंबर

संगीतावरून सरांशी चर्चा. सरांचं म्हणणं, थरारपटाला सुरुवातीपासून खालच्या पट्टीत एक सूर हवाच, नाहीतर प्रेक्षक कुठल्या प्रकारचा सिनेमा बघतोय हे त्याला कळत नाही.

माझं म्हणणं नोंदवून ठेवते. ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ या सिनेमाची (1958) सुरुवात गाडीच्या डिकीत टाइमबॉम्ब ठेवण्यापासून होते आणि सव्वातीन मिनिटांहून मोठ्या एकाच शॉटमध्ये आपण त्या गाडीच्या मागे-पुढे फिरतो. स्टुडिओनं त्याच्यावर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत चढवलं होतं. वेल्सनं स्टुडिओला 58 पानी टिपण लिहिलं होतं. त्याच्या आधारानं संकलक वॉल्टर मर्चनं 1998 मध्ये पुन्हा संकलन केलं तेव्हा नावं आणि ते संगीत काढून टाकलं आणि रस्त्यावरचे, दुकानांतून, गाड्यांच्या रेडिओतून येणारे आवाज ठेवले. मग बॉम्बची गाडी जवळ येतेय की लांब जातेय हे तिच्या रेडिओवरून कळायला लागलं. आवाजाला जागा मिळाली.

सर म्हणाले, ते हॉलीवूड. मग मी ‘कुंकू’ काढला. 1937, व्ही. शांताराम, प्रभात फिल्म कंपनी. पार्श्वसंगीत नाही, प्रसंगातले आवाज तेवढे. ज्या कंपनीचा जन्म 1929 मध्ये आमच्याच गावात झाला, तिनं बोलपट नवीन होता तेव्हा हे करून दाखवलं. सर हसले. “कर तुझं, पण पडद्यावर रिकामं वाटलं तर मला सांगू नकोस.”

संगीत नाही. आमच्याकडे दोन आवाज आहेत, तिच्या कानातला आणि त्याच्या खिशातला. तिसऱ्याला जागा नाही.

20 डिसेंबर

शेवट आणि शीर्षक. ती चालू लागते, चार पावलं. खिशातला उजेड विझतो, थरथर थांबते. तिच्या कानात रिंग तुटते. म्हणजे त्यानं फोन कट केला. ती मोबाइल खाली घेऊन त्याच्याकडे बघते, आणि तिथेच कट, फिल्मचा पडदा काळा. तिचा चेहरा आधी घाबरलेला होऊ द्यावा की नाही यावर दोन आवृत्त्या केल्या. घाबरण्याआधी कापलेली ठेवली.

शीर्षक ‘खुंटी’. हे नाव वाचून प्रेक्षक खुंटीच बघत बसेल, असं कॅमेरावाल्याचं म्हणणं. नाव शेवटी येतं, तेव्हा हरकत नाही. उलट तोपर्यंत ज्याच्या शर्ट लक्षात आला नसेल त्याला तिथे लागेल.

रंगांना फार हात लावला नाही. सावल्या खाली दाबल्या, नारिंगी थोडा उतरवला.

23 डिसेंबर

विभागात प्रदर्शन. लॅपटॉपवर ठीक असलेला काळोख प्रोजेक्टरवर राखाडी झाला. पडद्यावर खिडकीचा उजेड येत होता, पडदे नीट लागत नाहीत. पुढच्या रांगांना खिशातला चौकोन लगेच दिसला, मागच्यांना तो आवाज आल्यावर शोधावा लागला. चमत्कारिक गोष्ट अशी की मागच्या रांगेतूनच एकानं “अगं, जाऊ नको” असं जोरात म्हटलं. शोधून सापडलेला उजेड त्याला जास्त लागला असेल.

पुढचा शर्ट मात्र मागून नुसता डाग दिसत होता, चौकटी अजिबात नाहीत, आणि हे चालणार नाही. संध्याकाळी तेवढ्या भागाला मास्क लावून उजेड थोडा वाढवला, खिशाला हात लावला नाही. रिकाम्या हॉलमध्ये खिडक्या उघड्या ठेवूनच पुन्हा लावून पाहिलं. शेवटच्या रांगेतून चौकटी मोजता येत नाहीत, पण शर्ट ओळखता येतो. ही प्रोजेक्टरची प्रत वेगळ्या नावानं ठेवली आणि जमा करताना दोन्ही फाइल दिल्या.